पॅनेलचं दार कुणाच्या बाजूला उघडतं?

मंडळी, विषयाचं नाव जरा कोरडं आहे: सर्वेक्षण पॅनेलच्या सदस्यांसाठी वेब पोर्टल करायचं तर त्यात काय काय असावं. पण अंबाजोगाईत बसून हा विषय बोलायला घेतला की तो कोरडा राहत नाही, असा आमचा अनुभव आहे. का, ते पुढे येईलच.

आधी पॅनेल म्हणजे काय ते सांगून टाकतो. साधं सर्वेक्षण एकदा दारात येतं, विचारतं आणि जातं. पॅनेलमध्ये त्याच घराला पुन्हा पुन्हा विचारतात. त्यामुळे त्या घराचं कर्ज वाढलं की फिटलं, बाई कामावर गेली की घरी बसली, हे त्याच घराबद्दल कळतं. आपल्याकडे हे नवं नाही. केंद्र सरकारचं श्रमबल सर्वेक्षण 2017 पासून शहरांत एकाच घरी चार वेळा जातं, आणि 2025 पासून खेड्यांतही तसं जाऊ लागलं आहे. मुंबईच्या सीएमआयई या संस्थेचं पॅनेल 2014 पासून चालू आहे. 1 लाख 70 हजारांहून अधिक घरं आणि वर्षातून तीन फेऱ्या, असा त्याचा पसारा आहे.

आणि या सगळ्यांच्या आधीचं, आपल्या अगदी शेजारचं, इक्रिसॅटचं. 1975 साली या संस्थेने जी गावं निवडली त्यात सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण होती, अकोला जिल्ह्यातली कानझरा आणि किनखेडा होती. दर गावात 40 घरं. त्यातली 30 शेती करणारी आणि 10 मजुरीवर जगणारी. माहिती घेणारा माणूस गावातच राहायचा आणि दर तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक घरी जायचा. शिरापूर आणि कानझऱ्याच्या त्या वह्यांवर रॉबर्ट टाउनसेंड या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1994 साली इकॉनोमेट्रिका या नियतकालिकात लेख लिहिला. अडचणीच्या वर्षी गावातली माणसं एकमेकांना किती सावरून घेतात, हे तपासणारा तो लेख जगभरच्या अर्थशास्त्राच्या वर्गांत शिकवला जातो. लेख इंग्रजीत आहे आणि त्याची भाषा गणिताची आहे. ज्यांच्या घरच्या ज्वारीचा हिशोब त्यात आहे, त्यांना तो वाचता येईल असं त्याचं रूप नाही.

पोर्टलची टीका करताना आम्ही हा गावात राहणारा माणूस मोजमाप म्हणून समोर ठेवतो. तो काय काय करत होता? ओळख ठेवत होता. मागच्या खेपेला काय सांगितलं ते त्याला आठवत होतं. चुकलं तर दुरुस्त करायला तो गावातच सापडत होता. कुणाला बोलायचं नसेल तर पुढच्या आठवड्यात येत होता. आजचं पोर्टल यातलं काय करतं आणि काय सोडून देतं?

आता नेहमीचं पोर्टल उघडू. बाजारातली जी पॅनेलं आहेत, साबण-चहा-मोबाईलबद्दल मत विचारणारी, त्यांचं पहिलं पान साधारण एकाच साच्यातलं असतं. वर तुमचे पॉइंट, खाली नवीन सर्वेक्षणाचं बटण, कोपऱ्यात प्रोफाईल. बटण दाबायचं, दहा मिनिटं उत्तरं द्यायची आणि मग पाटी येते की आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही. दहा मिनिटं गेली, पॉइंट शून्य. गावाकडे रोजंदारीवर बोलावून, अर्धा वांगा भरून घेऊन, ‘आज काम नाही’ म्हणून परत पाठवल्यासारखं आहे हे. पात्रता तपासायची तर पहिल्या दोन प्रश्नांत तपासा, आणि तेवढ्याचे पैसे द्या. हा काही तांत्रिक कठीण प्रश्न नाही. उत्तर देणाऱ्याचा वेळ फुकट मानला की साचा असा होतो, एवढंच.

याच्या दुसऱ्या टोकाला नेदरलँड्समधलं लिस पॅनेल आहे. टिलबर्ग इथून 2007 पासून चालतं, सुमारे 5 हजार घरं आहेत, आणि सदस्य दर महिन्याला प्रश्नावली भरतात. त्यात कुणी आपलं आपण नाव नोंदवू शकत नाही. लोकसंख्येच्या नोंदवहीतून घरं निवडतात आणि ज्या घरात संगणक किंवा इंटरनेट नाही त्यांना तो पुरवतात. आमच्या मते पोर्टलचा पहिला घटक हाच. तो पडद्यावर दिसत नाही, पण तो नसेल तर बाकीचे सगळे घटक फक्त आधीच सोयीत असलेल्यांसाठी उरतात.

हे आम्ही हवेत बोलत नाही. 2021 मध्ये ज्याँ द्रेझ आणि अनमोल सोमांची यांनी सीएमआयईच्या पॅनेलवर हाच आक्षेप घेतला, की त्यात गरीब घरं कमी सापडतात. सीएमआयईच्या महेश व्यास यांनी त्याला उत्तर दिलं, वाद चालला. वादात एक मुद्दा घरं निवडण्याच्या पद्धतीचा होता: गावाच्या मुख्य रस्त्यापासून सुरुवात करायची, ठरावीक अंतराने घर घ्यायचं, आणि तिथे घरं पुरली नाहीत तर आतल्या गल्ल्यांत जायचं. आता आपल्यापैकी कुणालाही विचारा, गावात मुख्य रस्त्यावर कुणाची घरं असतात आणि वस्ती कुठे असते. सांगायची गरज आहे का? आमचं म्हणणं असं, की वेब पोर्टल हा नवा मुख्य रस्ता आहे. ज्याच्याकडे स्वतःचा फोन, चालू रिचार्ज आणि बिनधास्त वाचता येणारी अक्षरं आहेत, त्याचं घर या रस्त्यावर आहे.

आता बीड जिल्ह्याकडे येऊ. दसरा-दिवाळी झाली की इथून जोड्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, टोळी ठरलेली असते, कारखाना पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात. परत येतात ते मार्च-एप्रिलला किंवा त्याही नंतर. मुलं कधी बरोबर, कधी आजी-आजोबांकडे. पोर्टलवर ‘कुटुंबातील सदस्य’ नावाचं पान असतं आणि त्यात प्रत्येक नावासमोर दोनच पर्याय असतात: राहतात, राहत नाहीत. या घराने काय भरायचं? सहा महिने राहतात. चूल दोन ठिकाणी आहे. उचल एकाच खात्यावर आहे. म्हातारी माणसं ज्या घरात आहेत त्या घराचा खर्च कारखान्यावरून येतो.

इथे दोनाऐवजी चार-पाच पर्याय लागतात: घरी आहे, हंगामी कामाला गेला आहे आणि परत येणार, लग्न होऊन गेली, वेगळी चूल मांडली, वारला. आणि प्रत्येकासमोर ‘केव्हापासून’. ‘केव्हापासून’ला कॅलेंडर दाखवू नका. पोळा, दसरा, पाडवा, कारखान्याचा पट्टा पडला तेव्हा, असे खुणेचे दिवस द्या. तारीख यंत्राने काढावी.

शिवाय एक बटण हवं, ज्यावर लिहिलेलं असेल, ‘सध्या बाहेरगावी आहे, परत आल्यावर विचारा.’ नेहमीच्या पोर्टलमध्ये तीन आमंत्रणांना उत्तर नाही आलं की सदस्य निष्क्रिय ठरतो आणि हळूहळू यादीतून गळतो. मग नोव्हेंबर ते मार्चचे आकडे येतात, त्यात बीडची घरं जरा बऱ्या स्थितीत दिसतात. दिसणारच, कारण हलाखीतली घरं फडात आहेत.

सगळ्यात अवघड भाग आम्ही मुद्दाम मध्यावर ठेवला आहे. फोन कुणाच्या हातात आहे?

2019 मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, जिल्ह्यात पाहणी झाली. सुमारे 82 हजार महिलांची माहिती घेतली. त्यात 13 हजारांहून अधिक महिलांची गर्भाशयं काढलेली होती. ती पाहणी एकदाची होती. समजा याच बायांचं पॅनेल करायचं ठरलं. शस्त्रक्रियेनंतर पाठीचं दुखणं, कामाचे खाडे, दवाखान्याचं कर्ज, हे दर चार महिन्यांनी विचारायचं. करण्यासारखं काम आहे, आणि या जिल्ह्याला त्याची गरजही आहे. पण पोर्टलचा ओटीपी येणार तो घरातल्या एकाच फोनवर, आणि तो फोन मुलाच्या खिशात. संदेश येणार, ‘आपले महिला आरोग्य सर्वेक्षण बाकी आहे.’ झालं, सगळ्या घराला कळलं.

पोर्टल शिकवणारे सांगतात, सदस्याला त्याची मागची उत्तरं दिसली पाहिजेत, माहिती त्याची आहे. तत्त्व बरोबर आहे. तरीही इथे आम्ही उलट बाजूने उभे राहतो. मागची उत्तरं पडद्यावर आपोआप दिसता कामा नयेत. ज्या घरात फोन सामायिक आहे तिथे ‘माझी माहिती’ हे पान म्हणजे घरातल्या इतरांसाठी उघडलेली पेटी आहे. बाईला आपलं उत्तर पाहायचं असेल तर तिने मागावं, आणि ते तिला तिच्या सोयीच्या वेळी, ओळखीच्या कार्यकर्तीने वाचून दाखवावं. नवऱ्याचं आणि बायकोचं खातं वेगळं असावं, एकाचं दुसऱ्याला दिसू नये. सूचनेत विषयाचं नाव नसावं. मध्येच कुणी डोकावलं तर एका बोटात पान बंद व्हावं, आणि परत उघडल्यावर अर्धवट उत्तरं वर न येता पुढचा प्रश्न यावा. लिसमध्ये घरातली एक व्यक्ती घराची माहिती ताजी ठेवते. ती सोय आपण तशीच उचलली तर ती व्यक्ती कोण असेल, हे सांगायला नको. तिच्याकडे फक्त घराची यादी द्यावी, घरच्यांची उत्तरं नकोत.

कायद्याचं थोडक्यात. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा म्हणतो की संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं असावं, आणि सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांत मिळण्याचा पर्याय असावा, म्हणजे मराठीत. त्याच कायद्यात संशोधन आणि सांख्यिकीच्या कामासाठी सूटही ठेवली आहे. पोर्टल करणारे या सुटीकडे बोट दाखवून ‘बाहेर पडा’ हे बटण सातव्या पानावर लपवतात, तेव्हा ते कायदा पाळतही असतील, पण शिरापूरच्या ओसरीवर बसणाऱ्या माणसाला दार दाखवता येत होतं, ते यांना येत नाही. आणि मराठी म्हणजे नुसती लिपी नव्हे. ‘आपली प्राथमिक आर्थिक क्रियाकलाप स्थिती निवडा’ हे देवनागरीत आहे खरं. ‘मागच्या आठवड्यात कशाकशाला गेलात?’ असं विचारलं तर उत्तर येतं. ज्या गावात मुकुंदराजांचं स्थान आहे तिथे हे वेगळं सांगायची वेळ यावी, याचं वाईट वाटतं. दासोपंतांनी इथेच 40 फूट लांब, 4 फूट रुंद पासोडीवर लिहिलं. आपल्याला सहा इंचांच्या पडद्यावर चार प्रश्न नीट मांडता येत नाहीत.

पैशांबद्दल एकच मुद्दा. आधी हातात दिलेली छोटी रक्कम नंतर देऊ म्हटलेल्या मोठ्या रकमेपेक्षा जास्त उत्तरं आणते, हे सर्वेक्षणाच्या अभ्यासात वारंवार दिसलेलं आहे. तेव्हा पॉइंट, बक्षीस, सोडत हे सगळं काढून टाका. प्रश्नावलीबरोबर रिचार्ज द्या. निदान उत्तर पाठवायला डेटा तरी उरेल. यूपीआयने द्यायचं तर खातं कुणाच्या नावावर आहे ते विचारा, आणि बाईने नको म्हटलं तर रोख द्या.

शेवटचा घटक निकालाचा. 2024 च्या जानेवारीत राज्य मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण घरोघर झालं. प्रगणकाच्या हातात ॲप, दीडशेच्या वर प्रश्न, घरच्यांच्या हातात काहीच नाही. येत्या जनगणनेत स्वतः माहिती भरण्याची सोय आहे, पण तीही एकदाचीच. पॅनेलमध्ये पुढच्या खेपेला जायचं असतं, त्यामुळे मागच्या खेपेचं काय निघालं ते सांगणं ही सभ्यता तर आहेच, गरजही आहे. दोन मिनिटांचा आवाजी निरोप पुरे. तुमच्यासारख्या अमुक घरांना विचारलं, मागच्या हंगामात सरासरी इतकी उचल होती, इतक्यांची फिटली. यातलं तुमचं घर कुठे बसतं ते तुमचं तुम्ही ताडा. हा निरोप टोळीत एकाच्या फोनवर वाजला की दहा जण ऐकतील, आणि यात कुणाच्या घरचं काही उघडं पडत नाही.

यावर खर्चाचा प्रश्न येणारच, म्हणून आत्ताच सांगतो: पोर्टल केलं म्हणून गावात जाणारा माणूस काढून टाकणार असाल तर वरचं काहीही चालणार नाही. त्याच्या फेऱ्या कमी करा हवं तर. पण एक फेरी टोळ्या निघायच्या आधी ठेवा, दसऱ्याच्या आठवड्यात, आणि त्या फेरीत प्रश्न विचारू नका. फक्त फोन नंबर बदलला का, कोणत्या कारखान्याला जाताय आणि मुकादमाशिवाय दुसऱ्या कुणाच्या फोनवर तुमच्याशी बोलता येईल, एवढं लिहून घ्या.