आधी अडथळा शोधा, मग नॅनोकण

स्किझोफ्रेनियासाठीच्या नॅनोऔषधांवरचे पेपर वाचायला घेतलेत, की पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य हमखास भेटतं: रक्त-मेंदू अडथळ्यामुळे औषध मेंदूपर्यंत पोचत नाही, म्हणून नॅनोकण हवेत. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्येही हेच होतं. आरआरसीपुढे एका सरांनी विचारलं, "नेमकं कुठलं औषध पोचत नाही?" मला उत्तर देता आलं नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे लिहितोय.

हा अडथळा म्हणजे मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशींची घट्ट वीण. प्रथिनांसारखे मोठे रेणू तिथं अडतात. पण हॅलोपेरिडॉल, ओलान्झापिन, रिस्पेरिडोन हे लहान आणि मेदात विरघळणारे रेणू आहेत. रिस्पेरिडोनला पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप थोडंफार बाहेर ढकलतो, तरी साध्या गोळीनं काम होतं. पेट स्कॅनच्या अभ्यासांत दिसलंय, की डी-२ डोपामिन रिसेप्टर साधारण ६५ ते ८० टक्के व्यापले गेले की ही औषधं लागू पडतात, आणि नेहमीच्या डोसमध्ये तेवढं होतं. ८० च्या वर गेलं की कंप, ताठरपणा असे त्रास वाढतात.

मग "मेंदूत औषध कित्येक पट वाढलं" हा निष्कर्ष वाचताना विचारा: वाढवायचं कशासाठी? डोस कमी करता येईल, हे उत्तर असू शकतं. पण भूक आणि वजन वाढण्यामागेही काही अंशी मेंदूतलेच रिसेप्टर असतात. औषध मेंदूकडे वळवलं म्हणून तो त्रास टळेलच असं नाही.

आता प्रयोगांकडे बघा. बऱ्याचदा नाकातून दिलेल्या नॅनोइमल्शनची तुलना तोंडानं दिलेल्या साध्या औषधाशी केलेली असते. मग फरक कणामुळे पडला की मार्गामुळे, हे कळणार कसं? साधं द्रावणही नाकातूनच द्यायला हवं. शिवाय उंदराच्या नाकात वास ओळखणारा भाग जवळपास निम्मा असतो, माणसात फार तर दहावा हिस्सा. आणि कॅटॅलेप्सीची चाचणी डी-२ अडल्याचं सांगते. रुग्णाला ऐकू येणारे आवाज थांबतील का, त्याची उमेद परत येईल का, हे नाही.

याचा अर्थ नॅनो निरुपयोगी आहे असा नाही. खरा अडथळा बहुतेक वेळा वर्षानुवर्षं औषध चालू राहण्याचा असतो. अमेरिकेतल्या केटी या अभ्यासात (२००५) १,४९३ रुग्ण होते. त्यातल्या ७४ टक्के रुग्णांचं सुरुवातीला दिलेलं औषध १८ महिन्यांच्या आत बंद झालं. कारणं वेगवेगळी: गुण न येणं, सहन न होणं, किंवा रुग्णानं स्वतःच ठरवणं.

यातल्या एका भागावर पॅलिपेरिडोन पाल्मिटेट हे उत्तर आहे. पाण्यात जवळजवळ न विरघळणारं हे एस्टर ओलं दळून त्याचे बारीक स्फटिक करतात. स्नायूत टोचल्यावर ते हळूहळू विरघळतात आणि एन्झाइम्स त्यातून मूळ औषध मोकळं करतात. महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन अमेरिकेत २००९ मध्ये मंजूर झालं, तीन महिन्यांचं २०१५ मध्ये आणि सहा महिन्यांचं २०२१ मध्ये. गंमत म्हणजे यातला एकही स्फटिक मेंदूपर्यंत जावा लागत नाही! मर्यादा मात्र आहे: एकदा टोचलेलं औषध परत काढता येत नाही. म्हणून आधी ते सोसतंय ना, हे बघावं लागतं.

यकृताचा अडथळाही खरा आहे. असेनापिन गिळलं तर रक्तात २ टक्क्यांहून कमी पोचतं. पण जिभेखाली ठेवलं तर सुमारे ३५ टक्के पोचतं. म्हणजे असेनापिनच्या नॅनोकणांची स्पर्धा गिळलेल्या औषधाशी नाही, त्या जिभेखालच्या साध्या गोळीशी आहे.

तेव्हा प्रपोजल लिहिण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: औषध कुठलं, ते नेमकं कुठं अडतंय, आणि आज त्यावर सगळ्यात साधा उपाय कोणता आहे. तिसरा रकाना रिकामा राहिला तर अजून वाचायचं बाकी आहे. आणि तिथला उपाय पुरेसा निघाला, तर विषय आत्ताच बदला. तिसऱ्या वर्षी बदलणं फार जड जातं.