उरलेली चाल

कॉइलओव्हर सस्पेंशनच्या जाहिरातीतली गाडी नेहमी उभी असते. चकचकीत, जमिनीला टेकल्यासारखी, टायर आणि फेंडर यांच्या फटीत बोट शिरणार नाही एवढी खाली. ज्या वस्तूचं सगळं कर्तृत्व हालचालीत आहे, तिची ओळख स्थिर छायाचित्रातून होते. त्यामुळे गिऱ्हाईक पहिला विचार उंचीचाच करतं आणि गॅरेजवालाही तेच विचारतो, "किती खाली घ्यायची, भाऊ?" एमएच २८, म्हणजे बुलढाण्याच्या पाटीची गाडी असलेल्या माणसाने याचं उत्तर देण्याआधी ती वस्तू एकदा ओळ न् ओळ वाचावी. वाचण्यासारखी आहे.

उदाहरणाला फोक्सवागन पोलो जीटी टीएसआय घेऊ. चाकणच्या कारखान्यातली, २०१३ साली आलेली, १.२ लिटरचं टर्बो इंजिन, ताकद १०५ पीएस. आज हे आकडे कुणाला दिपवणार नाहीत. पण अकराशे किलोच्या आसपास वजनाची ही छोटी गाडी वळणात शिरते तेव्हा आकड्यांची आठवण राहत नाही. २०२२ मध्ये पोलो भारतात बंद झाली. ज्यांच्याकडे आहे ते सहसा विकत नाहीत, आणि त्यांचे मूळ शॉकअप आता थकत चालले आहेत. बदलायचेच आहेत तर कॉइलओव्हर का नको, हा विचार तिथून सुरू होतो, आणि तो रास्त आहे.

खोकं उघडल्यावर पुढचे दोन पाय आधी नजरेत भरतात: आटे पाडलेली नळी, तिच्यावर फिरणारे दोन रुंद नट, भोवती रंगीत स्प्रिंग, डोक्यावर माउंट. पण शॉकअपभोवती स्प्रिंग ही रचना पोलोत मुळातच आहे. अर्ल मॅकफर्सनची ती मांडणी १९५० च्या फोर्ड कॉन्सलपासून जगभर पसरली. किटने तिच्यात भर घातली ती आट्यांची. मागे तर स्प्रिंग एकीकडे आणि शॉकअप दुसरीकडे अशी मूळ बैठक किटही मोडत नाही, फक्त स्प्रिंगखाली उंची कमीजास्त करायची सोय देतं. जिथे नव्याचा गाजावाजा आहे तिथे नवं थोडंच आहे. खरं नवं नळीच्या आत आहे, आणि ते दिसत नाही.

आधी स्प्रिंग, कारण तिचं गणित सरळ आहे. पुढच्या एका चाकावर ३०० किलो भार आणि दर मिलिमीटरला २५ न्यूटन लागणारी स्प्रिंग असं धरू. गाडी जमिनीवर ठेवली की ती ११८ मिलिमीटर दबते, आणि दाबून सोडलं तर गाडी सेकंदाला साधारण दीड वेळा (नेमकं १.४५) वरखाली होते. आता दुप्पट कडक स्प्रिंग घाला. दबणं निम्म्यावर, ५९ मिलिमीटरवर येतं, पण डोलण्याचा वेग दुप्पट होत नाही. तो दोनच्या वर्गमुळाच्या पटीत वाढून २.०५ वर पोचतो. तैवानी किटवर नुसतं '५' लिहिलेलं असतं, ते किलो प्रति मिलिमीटर, म्हणजे ४९ न्यूटन, म्हणजे हीच दुप्पट कडक स्प्रिंग. आणि नट आवळून स्प्रिंग कडक होते हा गैरसमज गॅरेजागणिक भेटतो. एकसारख्या वेटोळ्यांची स्प्रिंग कितीही आवळली तरी पुढच्या मिलिमीटरला तेवढंच बळ मागते.

हे दोन आकडे घेऊन राजूर घाट उतरा. बुलढाणा पठारावर आहे. रस्ता घाटातून वळणं घेत राजूरला उतरतो, मोताळा मागे पडतं आणि मलकापूरकडे पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती सुरू होते. ही कपाशीची माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर उचलला जातो, खचतो, आणि त्याला लांब लाटा येतात. खड्डा नाही, खडबड नाही, डांबर वरवर गुळगुळीत, तरी गाडी डोलते. लाटेची लांबी १५ मीटर धरू. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर, म्हणजे सेकंदाला दीड लाट. मूळ स्प्रिंगचा डोलही दीडच्याच घरातला. दोघांचा ठेका जुळला की प्रत्येक लाट आधीच्या डोलाला आणखी उंच करते, आणि शॉकअप थकलेले असतील तर तिसऱ्या-चौथ्या लाटेला पोट गळ्याशी येतं. गाडी बिघडली असं वाटतं, आणि मग कॉइलओव्हरचा शोध सुरू होतो.

कडक स्प्रिंग इथे काय करते? तो जुळून येण्याचा वेग ८० वरून ११० च्या आसपास ढकलते. दोष गेला नाही, पुढच्या वेगावर जाऊन बसला. मोताळ्याच्या रस्त्यावर पुढे कपाशीने लादलेला ट्रॅक्टर असताना ११० चा वेग कुणी गाठू नये आणि बहुधा गाठताही येत नाही, त्यामुळे मालकाला वाटतं, रोग बरा झाला. वाटू द्यावं. पण त्याच दिवशी गाडी मेहकरकडून समृद्धी महामार्गावर घाला. कारला १२० ची मुभा, खाली काँक्रीट. अशा रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर आडवे काप असतात. १२० च्या वेगात ते सेकंदाला सात-आठ येतात. एवढ्या घाईच्या ठोक्यांमागे गाडीचं अंग जाऊच शकत नाही, चाकानेच एकट्याने ते सोसायचे असतात. इथे स्प्रिंगचं फारसं चालत नाही.

इथे चालतं ते डॅम्परचं, म्हणजे शॉकअपचं, आणि डॅम्पर हीच या कृतीतली सर्वांत सुंदर जागा. तेलात सरकणारा पिस्टन, त्याला भोकं, आणि भोकांवर दोन्ही बाजूंनी पोलादी शिमची चळत. एकेक शिम मिलिमीटरचा एखाददुसरा दशांश जाड. तेलाला पलीकडे जायचं तर या चकत्यांची कड वाकवूनच जावं लागतं. चाक वर उचललं की एका बाजूची चळत वाकते, खाली पडताना दुसऱ्या बाजूची. कोणत्या व्यासाची चकती कोणत्या चकतीवर बसवायची, मध्ये कुठे छोटी घालून वरचीला वाकायला मोकळीक द्यायची, एवढ्यावर गाडीचा स्वभाव ठरतो. ना इलेक्ट्रॉनिक्स, ना मोटर. शर्टाच्या खिशात मावतील एवढ्या चकत्या आणि त्यांचा क्रम.

या क्रमाचा अर्थ एका आलेखात दिसतो. आडव्या अक्षावर पिस्टनच्या दांड्याचा वेग, उभ्या अक्षावर बळ. इथला वेग गाडीचा नव्हे. राजूर घाटातल्या वळणात गाडी कलंडते, ब्रेक दाबल्यावर नाक खाली जातं, तेव्हा दांडा अगदी हळू सरकतो, सेकंदाला पाच-सात सेंटिमीटर. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळलं की तोच दांडा सेकंदाला मीटरभर किंवा त्याहून जास्त वेगाने आत घुसतो. चांगल्या डॅम्परची रेषा सुरुवातीला ताठ चढते आणि मग गुडघ्यासारखी वाकून आडवी होऊ लागते. वळणात धरून ठेवते, खड्ड्यात सोडून देते. वाईट डॅम्परची रेषा उलटी, आधी आळशी आणि नंतर चढत जाणारी. अशी गाडी वळणात झुलते आणि खड्ड्यात हाणते, म्हणजे दोन्हीकडून तोटा. किटची किंमत मी तरी या वाकण्यात शोधेन. विक्रेत्याकडे हा आलेख मागावा. काहींना तो काय हेच ठाऊक नसतं, आणि तेवढ्यावरच त्यांचं दुकान सोडता येतं.

आलेखात शून्याच्या दोन बाजूही पाहाव्यात. चाक खाली जाताना डॅम्पर जास्त अडवतो, वर येताना कमी, कारण दबलेली स्प्रिंग साठवलेली ताकद परत फेकते आणि ती आवरायला दुसरं कुणी नसतं. पण ही अडवणूक बेताबाहेर गेली तर खडबडीत पट्ट्यावर चाकाला पुढच्या ठोक्याआधी खाली परतायला वेळच मिळत नाही, आणि गाडी दर ठोक्याला थोडी थोडी बसत जाते. उलट चूक स्वस्त वाटेवरची: मूळ शॉकअप तसेच ठेवून नुसत्या बुटक्या कडक स्प्रिंगा घालणं. डोल पूर्ण थोपवायला लागेल त्याच्या तीस टक्के आवर मूळ गाडीत होता असं धरा. स्प्रिंग दुप्पट कडक झाली की तोच शॉकअप एकवीस टक्क्यांचाच उरतो. पैसे वाचले, आणि लाटांवरचा डोल पुढच्या वेगावर जाऊन आणखी मोकाट सुटला.

तेलाचीही एक बाजू आहे. भराभर घुसळलं की तेलात बुडबुडे येतात आणि फेसाला बळ नसतं. क्रिस्तियाँ द कार्बों या फ्रेंच अभियंत्याने नायट्रोजनचा दाब तरंगत्या पिस्टनने तेलापासून वेगळा ठेवला. ती एकनळी रचना बिल्स्टाइनने घेतली आणि १९५७ मध्ये मर्सिडीजमध्ये पोचवली. मे महिन्यात चाळिशी कधीच ओलांडलेल्या मलकापूरच्या रस्त्यावर तिचा फायदा समजतो.

मग येतात नॉबचे क्लिक. जर्मनीच्या केडब्ल्यूचं व्हेरियंट १ घेतलं तर डॅम्पर ठरवूनच दिलेला, त्यात फिरवायला काही नाही. व्हेरियंट २ मध्ये फक्त परतीची, म्हणजे चाक खाली जातानाची अडवणूक बदलते, व्हेरियंट ३ मध्ये परतीची आणि दाबाची वेगवेगळी. तैवानच्या बीसी रेसिंगकडे ३० क्लिक. तीस हा आकडा ऐकायला भारी असतो. पण बहुतेक डॅम्परमध्ये तो नॉब एक सुई मागेपुढे करतो आणि तेलाची छोटी पळवाट बदलतो, म्हणजे फक्त आलेखाची सुरुवात. गुडघा कुठे वाकायचा हे शिम ठरवतात, आणि ते कारखान्यात ठरून आलेलं असतं. त्यात एकाच नॉबने दाब आणि परत दोन्ही बदलत असतील तर एक सुधारायला जाऊन दुसरं बिघडतं. बुलढाण्याच्या माणसाला मी नॉब नसलेलं किंवा फक्त परतीचा नॉब असलेलं, शिम नीट रचलेलं किट सुचवेन. रबराऐवजी उघड्या बॉलजॉइंटची शर्यतीची माउंट नकोत. धूळ त्यांना चावते आणि वर्षाच्या आत ती खडखडू लागतात.

आता उंची. पोलोच्या पोटाखाली साधारण १६५ मिलिमीटर मोकळे. मागच्या सीटवर दोन धडधाकट माणसं आणि डिकीत सामान, असं १६० किलो मागच्या चाकांवर आलं की मूळ स्प्रिंग ४० मिलिमीटरच्या आसपास दबते. मूळ कडकपणाच्या स्प्रिंगवर गाडी ४० खाली घेणं म्हणजे ती दोन माणसं आणि ते सामान कायमचं मागे बसवून ठेवणं. मग खरोखरच घरची मंडळी शेगावला निघाली की दांडा बंप स्टॉपवर टेकतो, आणि त्यापुढे गाडी स्प्रिंगवर नव्हे, फोमच्या ठोकळ्यावर चालते. किटमधली कडक स्प्रिंग इथेच उपयोगी पडते, भार आला तरी कमी बसते. काही किटांत नळीचा खालचा तळही फिरवता येतो. त्यात उंची कमी केली तरी दांड्याची चाल जशीच्या तशी राहते, मात्र टायर फेंडरच्या आणखी जवळ जातो.

फार खाली घेण्याचा एक तोटा दिसत नाही. मॅकफर्सन मांडणीत खालचा आर्म आडव्याच्या पलीकडे, चाकाच्या बाजूने वर झुकला की गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा भराभर खाली सरकतो. दोघांतलं अंतर वाढतं, आणि खाली घेतलेली गाडी त्याच स्प्रिंगवर वळणात आधीपेक्षा जास्त कलंडू पाहते. छायाचित्रात ती चिकटलेली दिसते, राजूर घाटात ती झोके घेते. पोलोला मी वीस-पंचवीस मिलिमीटरच्या पुढे जाऊ देणार नाही.

गतिरोधकांचा दोष कॉइलओव्हरवर टाकतात, तो पुरता खरा नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्यातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा. अडीच मीटरच्या व्हीलबेसला त्याचा फुगवटा पोटाखाली जेमतेम साडेचार सेंटिमीटर वर येतो. ४० मिलिमीटर खाली घेतलेली पोलोही तो ८० मिलिमीटर राखून ओलांडते. पण गावाच्या तोंडाशी रातोरात उगवलेला, हातभर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच ढिगारा दोन चाकांच्या मधोमध पूर्ण उंचीने उभा राहतो. तिथे मूळ पोलोलाच दीड सेंटिमीटर उरतो, तोही रिकाम्या गाडीला.

कायद्याचंही आधी पाहावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कारखान्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जर्मनीत अशा किटसोबत कोणत्या गाडीला किती उंचीपर्यंत चालेल याचं तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र येतं. आपल्याकडे आरटीओ आणि विमा कंपनी यांना विचारून, उत्तर कागदावर घेऊन मगच पाना उचलावा.

बसवताना खालच्या आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना शेवटचे आवळू नयेत. रबरी बुश त्याच लटकलेल्या कोनात घट्ट होतात, गाडी खाली उतरली की कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून आवळावेत. आट्यांना ग्रीस लावून वर कव्हर घालावं, नाहीतर काळ्या मातीचा चिखल वाळून नट असे धरतो की पुढच्या उन्हाळ्यात उंची बदलायला छिन्नी लागते. अलाइनमेंट स्प्रिंगा बसल्यावर, थोडं चालवून करावं. आणि मागच्या शॉकअपचा दांडा उघडा दिसत असेल तर त्यावर एक प्लास्टिकची झिप टाय बांधून नळीच्या तोंडापर्यंत सरकवावी. चौघांना घेऊन घाट उतरावा, मोताळ्याच्या लाटांवरून मलकापूर गाठावं आणि टाय कुठपर्यंत ढकलली गेली ते पाहावं. बंप स्टॉपपासून वीस-पंचवीस मिलिमीटर दांडा शिल्लक असेल तर नटाला हात लावू नये. टाय थेट बंप स्टॉपला भिडली असेल तर मागचे नट पाच-पाच मिलिमीटर वर घेऊन तोच रस्ता पुन्हा चालवावा, आणि तरी भिडत असेल तर विक्रेत्याकडे मागची स्प्रिंग एक पायरी कडक मागावी.