आज्ञापत्र, इंग्रजी राजनीतिग्रंथ आणि आमचे महजर

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची तुलना पाश्चात्य राजनीतिग्रंथांशीं करण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. १९२९ सालीं पुणतांबेकरांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्यावर परभाषी वाचकांनाही ही वाट मोकळी झाली. या तुलनेंत बहुधा दोन पक्ष पडतात. राजा प्रजेच्या रक्षणासाठीं आहे हें आमच्या अमात्यांनींही सांगितलें आहे, तेव्हां इंग्रजांपाशीं अधिक तें काय होतें, असें पहिला पक्ष म्हणतो. इंग्लंडांत पार्लमेंट राजास जाब विचारीत होतें, त्या काळीं आमच्याकडे राजाज्ञा हेंच प्रमाण होतें, असें दुसरा म्हणतो. दोन्ही पक्ष ग्रंथापुढें ग्रंथ ठेवून निकाल देतात आणि दप्तराकडे पाठ फिरवितात. हा दोष दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम ग्रंथच पाहूं. आज्ञापत्राचा काळ इ. स. १७१५-१६. तें कोल्हापूरच्या छत्रपति संभाजीराजांच्या नांवें निघालेलें असून रचना अमात्यांची मानली जाते. इंग्रजी बाजूस त्याच्या जवळचा ग्रंथ शोधावयाचा तर पहिल्या जेम्स राजाचा ‘बॅसिलिकॉन डोरॉन’ घ्यावा लागेल. जेम्स स्कॉटलंडच्या गादीवर असतांना, १५९९ सालीं, त्यानें तो आपला पुत्र हेन्री याच्या शिक्षणासाठीं लिहिला. प्रथम त्याच्या सातच प्रती छापविल्या. १६०३ सालीं तो इंग्लंडच्या तख्तावर आला तेव्हां ग्रंथ सर्वत्र झाला. राज्य ईश्वरदत्त आहे, राजानें विषयासक्ति टाळावी, सेवक पारखून ठेवावे, दुर्बळांस बलिष्ठांपासून राखावें, हा उपदेश दोन्ही ग्रंथांत आहे. प्रजेच्या पीडेचा जाब राजास ईश्वरापुढें द्यावा लागतो, हेंही दोघांस मान्य आहे.

परंतु दोन्ही ग्रंथांचा घाट परस्परांच्या उलट आहे. तेथें राजा पुत्रास शिकवितो; येथें वृद्ध प्रधान राजाच्याच मुखानें राजास शिकवितो. या घाटानें आज्ञापत्रास जें गांभीर्य आलें आहे, त्यास मराठी गद्यांत जोड सांपडणें कठीण. दुर्ग, आरमार, सावकार, वतनदार यांवरील प्रकरणें अनुभवी हातानें लिहिलीं आहेत. १६८९ पासून राजाराम महाराज जिंजीस असतां ज्यानें मुलूख सांभाळला, त्याचेंच तें ज्ञान आहे. मात्र याच घाटामुळें ग्रंथांत प्रतिपक्षास जागा उरली नाहीं. आज्ञेस उत्तर नसतें. जेम्सचा दुसरा ग्रंथ, १५९८ चा ‘स्वतंत्र राजसत्तेचा खरा कायदा’, उघड वादासाठीं लिहिलेला आहे. प्रजेस जुलमी राजाचा प्रतिकार करण्याचा अधिकार आहे, असें जॉर्ज ब्युकॅनन यानें १५७९ सालीं छापलें होतें, आणि हा ब्युकॅनन जेम्सचा बाळपणींचा गुरु. शिष्यानें गुरूस ग्रंथानें उत्तर दिलें. पुढेंही फिल्मरचा ‘पेट्रिआर्का’ १६८० सालीं छापून निघाला आणि १६८९ सालीं लॉकनें त्याचें खंडन प्रसिद्ध केलें. आज्ञापत्राचें खंडन कोणी लिहिलें नाहीं. कारण तें छापून बाजारांत आलें नाहीं, दप्तरांत राहिलें.

तरीही आज्ञापत्रास प्रतिपक्ष होता. तो ग्रंथांत बोलत नाहीं, पण त्याचें भय ओळीओळींतून जाणवतें. तो म्हणजे वतनदार. देशमुख, देशपांडे, पाटील हे राज्याचे दायादच; त्यांस मोकळे सोडूं नये आणि त्यांचा उच्छेदही करूं नये, असें अमात्य बजावितात. टोपीकरांविषयीं त्यांची सावधगिरी प्रसिद्धच आहे: हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या मागें राज्यें आहेत, त्यांस समुद्रकांठीं बळकट जागा देऊं नये. इंग्रज आज्ञापत्रांत येतो तो एवढ्यापुरताच. ज्या देशांतून तो आला तेथें १६४९ सालीं एका राजाचा शिरच्छेद झाला व १६८८ सालीं दुसऱ्यास पळावें लागलें, याचा तेथें मागमूस नाहीं.

राजा मोठा कीं कायदा मोठा, या प्रश्नावर आपल्याकडे नेहमीं रामशास्त्र्यांचें उदाहरण देतात, व त्यांस सर एडवर्ड कोकच्या जोडीस बसवितात. राजा मनुष्याखालीं नाहीं, पण ईश्वराखालीं व कायद्याखालीं आहे, असें जुन्या ब्रॅक्टनचें वचन आपण जेम्सच्या तोंडावर म्हटल्याचें कोकनें आपल्या निवाडासंग्रहांत लिहून ठेवलें आहे. प्रसंग १६०७ सालचा म्हणून सांगितला जातो. दुसऱ्या एका समकालीन वृत्तांताप्रमाणें राजा संतापतांच कोकनें लोटांगण घालून क्षमा मागितली. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या खुनानंतर रामशास्त्र्यांनीं राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगितलें, ही कथाही परंपरेनेंच आपल्यापर्यंत आली आहे. दोन्ही कथा तपासूनच घ्याव्या. पण त्या जशाच्या तशा खऱ्या धरल्या तरी फरक पुढेंच दिसतो. १६१६ सालीं कोक न्यायासनावरून दूर झाला. १६२१ सालीं तो पार्लमेंटांत बसला, आणि १६२८ चा हक्कांचा अर्ज तयार करण्यांत अग्रेसर होता. रामशास्त्री पुणें सोडून वाईजवळ पांडववाडीस गेले, आणि कारभार बारभाईंच्या हातीं आल्यावर परत आले. कोकला जावयास पार्लमेंट होतें. रामशास्त्र्यांस पांडववाडी होती. धैर्यांत उणें नव्हतें, आश्रयस्थानांत होतें.

येथें संग्राहकांनीं एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावें. इंग्लंडांतील हा झगडा पुष्कळ अंशीं जुन्या कागदांचा झगडा होता. १०६६ सालीं नॉर्मन विल्यमनें देश जिंकला तेव्हां जुना कायदा बुडाला कीं टिकला, हा मुख्य प्रश्न. बुडाला असेल तर पुढचे सर्व हक्क राजाच्या कृपेचे. टिकला असेल तर हक्क राजाहून जुने. म्हणून कायदेपंडित दप्तरें उकरीत. सर रॉबर्ट कॉटन याच्या हस्तलिखितसंग्रहांत १२१५ च्या ‘मॅग्ना कार्टा’च्या आज अवशिष्ट असलेल्या चार प्रतींपैकीं दोन होत्या, पार्लमेंटचे सभासद पूर्वदाखले शोधण्यास तेथें जात. १६२९ सालीं सरकारनें त्या संग्रहास कुलूप घातलें आणि १६३१ सालीं कॉटन वारला. पोथ्या गोळा करणें हा निरुपद्रवी नाद आहे असें मानणाऱ्यांनीं हें स्मरणांत ठेवावें. कागद एकाच पक्षाचे नसतात हेंही खरें. १६८० च्या दशकांत रॉबर्ट ब्रॅडी यानें तसल्याच जुन्या लेखांवरून दाखविलें कीं, सामान्यांची सभा अनादि नाहीं, ती राजांच्या बोलावण्यानेंच आली. इतिहास म्हणून ब्रॅडीची बाजू पुष्कळ सबळ होती. राजकारण मात्र कोकच्या पक्षानें जिंकलें.

राजाहून जुना हक्क ही कल्पना आपल्या कागदांत आहे कीं नाहीं? आहे, आणि ती आज्ञापत्रांत शोधून मिळणार नाहीं. ती महजरांत मिळते. छत्रपति संभाजीनगर (पूर्वीचें औरंगाबाद), पैठण, बीड या टापूवर निजामशाही, मोगल, मराठे व आसफजाही यांचे अंमल आले. १९४८ सालीं शेवटचा संपला. राज्य पालटलें तरी वतनाचा वाद आला कीं नव्या अंमलदारानें जुने कागद मागावे, अग्रवादी व पश्चिमवादी यांचे करीने घ्यावे, गोत व मजालस बसवावी, हरलेल्यानें यजितखत द्यावें, असा शिरस्ता चालत राहिला. मसूरच्या पाटिलकीचा जगदाळ्यांचा वाद आदिलशाहींतून पैठणच्या सभेकडे निवाड्यास गेला. पैठण तर आदिलशाहाच्या मुलुखाबाहेरचें. स्वतःच्या राज्याबाहेरील सभेचा निर्णय प्रमाण मानणारा सुलतान, कायदा तख्ताहून वेगळा आहे हें कृतीनें कबूल करीत होता. महजराखालीं पाटलाचा नांगर, बलुतेदारांच्या व महारांच्या निशाण्या येतात. त्या काळच्या पार्लमेंटांत भूमिहीन कष्टकऱ्याची निशाणी कोठें उमटत नव्हती.

तरी यावरून आमच्याकडेही पार्लमेंट होतें, असा निष्कर्ष काढूं नये. गोतसभा वतनदारांचे आपसांतील तंटे तोडी. राजास कर नाकारण्याचा अधिकार तिला नव्हता. इंग्लंडच्या राजास युद्धासाठीं पैसा हवा असे आणि तो सभेच्या संमतीवांचून पुरेसा मिळत नसे. पहिल्या चार्ल्सनें १६२९ पासून अकरा वर्षें सभेवांचून कारभार केला, पण १६४० सालीं पैशासाठींच त्यास ती बोलवावी लागली. मराठी राज्याची भिस्त मुलुखगिरी, चौथाई व सावकारी कर्ज यांवर. त्यास सर्व देशमुखांस एका ठिकाणीं जमविण्याची गरज पडली नाहीं. राजसत्ता आमच्याकडेही आकुंचित झाली. १७४९ सालीं शाहू महाराज वारले आणि १७५० च्या सांगोल्याच्या करारानें सत्ता पेशव्यांकडे गेली. तेथें राजाच्या हातून सुटलेली सत्ता सभेच्या हातीं पडली, येथें ती एका घराण्याचें वतन झाली. वतनाचें भय बाळगणाऱ्या अमात्यांस हा शेवट दिसला असता तर आज्ञापत्रास आणखी एक प्रकरण जोडावें लागलें असतें.

सारांश, आज्ञापत्र ही राज्य चालविणाऱ्याची बाजू आहे, आणि ती उत्तम मांडलेली आहे. दुसरी बाजू ग्रंथरूपानें कोणी लिहिली नाहीं. ती गांवोगांवच्या रुमालांत सुटी पडली आहे. महजर छापतांना पुष्कळदां निवाड्याच्या ओळी तेवढ्या दिल्या जातात. हरलेल्याचा करीना, साक्षीदारांचीं नांवें व खालच्या निशाण्या गाळल्या जातात. बनावट ठरलेला महजर तर टाकाऊच समजतात. वास्तविक कोणता हक्क सिद्ध करण्यासाठीं लोक खोटा कागद करीत, हें त्यावरूनच कळतें. संग्राहकांनीं असे कागद समग्र छापावे, मोडी व फारसी दोन्ही भाग द्यावे. तसें होईपर्यंत आज्ञापत्राची इंग्रजी ग्रंथांशीं तुलना म्हणजे एका पक्षाची तकरीर ऐकून दिलेला निवाडा होय, आणि तसा निवाडा आमच्या जुन्या मजालसींनींही मान्य केला नसता.