चारास चार

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतून मुंबई-आग्रा महामार्गाला लागणारा नवा मालट्रक पाहा. डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची छोटी टाकी असते. तिच्यातल्या द्रवाला कागदोपत्री डीईएफ म्हणतात, ड्रायव्हर सरळ ‘युरिया’ म्हणतात. सांडलेले थेंब वाळले की झाकणाच्या कडेला मिठासारखे पांढरे खडे धरतात. 32.5 टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. पुढे त्याचं जे होतं ते एका ओळीत मावतं. ती ओळ मी कवितेसारखी वाचतो:

चार नायट्रिक ऑक्साइड, चार अमोनिया, एक ऑक्सिजन. त्यांचे चार नायट्रोजन, सहा पाणी.

यातला नायट्रिक ऑक्साइड मुख्यतः हवेतून येतो, डिझेलमधून नव्हे. एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला नायट्रोजन सिलिंडरच्या प्रचंड उष्णतेत ऑक्सिजनला जाऊन चिकटतो. अमोनिया येतो तापल्या धुरात फवारलेल्या युरियातून. आणि उजवीकडे जन्मणाऱ्या नायट्रोजनच्या प्रत्येक रेणूत एक अणू धुरातला, एक युरियातला! माझ्या लेखी या ओळीचं सगळं सौंदर्य इथे आहे. शेतात गोणीतला युरिया टाकतो तो नायट्रोजन पिकाला मिळावा म्हणून. इथे तोच युरिया नायट्रोजनला पुन्हा हवेत मोकळा करतो.

ओळीत न लिहिलेलं मात्र समीकरणाच्या बाणापाशी दडलेलं आहे: उत्प्रेरक, आणि त्याला लागणारी सुमारे 200 अंशांची ऊब. कसारा घाट चढताना इंजिन धूरही तापवतं आणि उत्प्रेरकही. अडचण होते ती थांबत-सरकत चालणाऱ्या रहदारीत, इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेल्या हायब्रिडमध्ये तर जास्तच. नाशिकमध्ये घडणाऱ्या स्कॉर्पिओला 2016 मध्ये सौम्य हायब्रिड रूप मिळालं. गाडी थांबली की इंजिन बंद. इंधन वाचतं. पण युरियावर चालणारा उत्प्रेरक असलेल्या डिझेल हायब्रिडमध्ये इंजिन विसावलं की तोही निवत जातो, आणि फार निवला तर पुन्हा सुरू होतानाचा धूर तसाच बाहेर पडतो. म्हणून पहिला जोर विजेच्या मोटरने घ्यावा, इंजिनावर एकदम भार पडू देऊ नये, उत्प्रेरक विजेने ऊबदार ठेवावा. मोटरचा हा उपयोग मला इंधनबचतीहून मोलाचा वाटतो.

एप्रिल 2020 पासून बीएस-6 या प्रदूषण मानकामुळे डिझेल मोटारीच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला 250 वरून 80 मिलिग्रॅमवर आली. 2023 पासून मोजणी प्रत्यक्ष रस्त्यावरही होते. ती व्हायलाच हवी होती. शिफ्ट सुटल्यावर अंबडच्या गरवारे पॉइंटला तोंडाला रुमाल बांधून दुचाकीवर थांबलेला कामगार पुढच्या गाडीचा धूर रस्त्यावरच घेतो.