नॅशनल्स : पेरणी झाली, कापणी कधी?

मंडळी, आपल्या मंडळात क्रिकेटवर बोलायला माणूस शोधावा लागत नाही. गणपतीच्या प्रसादाच्या रांगेतसुद्धा सचिन की कोहली हा वाद रंगतो. बेसबॉलचं नाव काढलं की मात्र "छे हो, फारच रटाळ!" म्हणून विषय संपतो. पण आपली मुलं इथे हर्नडनला वाढली. त्यांच्या लहानपणी शिवाजी पार्क नव्हतं, लिटल लीग होती. त्यांची घरची टीम एकच, वॉशिंग्टन नॅशनल्स. तेव्हा या टीमचं नीट मूल्यमापन आपल्या स्मरणिकेत व्हायलाच हवं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. मी तज्ज्ञ नाही, साधा प्रेक्षक आहे. पण तिकिटाचे पैसे देणाऱ्याला मार्क द्यायचा हक्क असतोच!

आधी थोडा इतिहास. ही टीम मूळची माँट्रिऑलची, 2005 मध्ये इथे आली. त्याआधीची सेनेटर्स 1971 चा हंगाम संपवून टेक्सासला निघून गेली होती. म्हणजे देशाच्या राजधानीत 33 हंगाम मेजर लीग बेसबॉलच नव्हतं. पहिली तीन वर्षं आरएफके स्टेडियममध्ये काढल्यावर 2008 मध्ये अॅनाकोस्टिया नदीकाठी नॅशनल्स पार्क उभं राहिलं. नोव्हेंबर 2022 पासून तर सिल्व्हर लाइन आपल्या हर्नडनपर्यंत आली आहे. लाँफाँ प्लाझाला गाडी बदलून नेव्ही यार्डला उतरलं, की पार्किंगची कटकट नाही.

या टीमचं सर्वोच्च वर्ष 2019. मे महिन्यात 19 विजय आणि 31 पराभव अशी अवस्था होती. तिथून उठून 93 सामने जिंकले आणि 30 ऑक्टोबरला ह्यूस्टनला हरवून वर्ल्ड सिरीज घेतली. गंमत म्हणजे त्या सिरीजमधले सातही सामने पाहुण्या टीमने जिंकले, असं त्याआधी कधीच घडलं नव्हतं. त्या हिवाळ्यात आपल्याकडे ज्याला त्याला लाल टोपी हवी होती.

आणि मग? 2020 ते 2025 या सहा हंगामांत एकदाही विजय पराभवांपेक्षा जास्त नाहीत. 2022 मध्ये तब्बल 107 पराभव. 2023 आणि 2024 मध्ये अगदी सारखा हिशोब, 71 विजय, 91 पराभव. 2025 मध्ये सुधारणा होण्याऐवजी 66 आणि 96. हे असं का झालं, हा खरा प्रश्न आहे.

नेहमीचं उत्तर असं, की चांगले खेळाडू गेले. ते खरंच आहे. ब्राइस हार्पर 2019 च्या आधी फिलाडेल्फियाला गेला. जिंकल्यावर लगेच अँथनी रेंडन कॅलिफोर्नियाला. 2021 च्या जुलैमध्ये मॅक्स शर्झर आणि ट्रे टर्नर एकाच व्यवहारात लॉस एंजेलिसला. आणि 2 ऑगस्ट 2022 ला तेवीस वर्षांचा हुआन सोटो सान डिएगोला. आमच्या घरच्या कपाटात 34, 6 आणि 22 नंबरच्या जर्सी आहेत. तिघेही आज आपले नाहीत. जो राहिला त्या स्टीफन स्ट्रॅसबर्गला 2019 नंतर सात वर्षांसाठी 24 कोटी 50 लाख डॉलर्स कबूल केले, आणि दुखापतींमुळे बिचारा पुढे जेमतेम आठ सामने खेळू शकला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, नशीबच म्हणायचं.

पण सोटोबद्दल मी जरा वेगळं म्हणेन. त्याने 15 वर्षांचा 44 कोटींचा प्रस्ताव नाकारला होता. (पुढे न्यूयॉर्क मेट्सने त्याला साडेशहात्तर कोटी दिले, म्हणजे त्याचंही गणित चुकलं नाही!) तो राहणार नाही हे दिसल्यावर त्याच्या बदल्यात टीमने जे घेतलं, ते उत्तम होतं. सी. जे. एब्रम्स, मॅकेन्झी गोर आणि जेम्स वुड हे तिघेही पुढे ऑल-स्टार झाले. एका खेळाडूच्या बदल्यात तीन ऑल-स्टार! बाजारात यापेक्षा चांगला सौदा क्वचितच होतो. मग तीन ऑल-स्टार मिळूनही टीम 96 सामने का हरते?

इथे एकेकाला मार्क देऊन बघू.

जेम्स वुड. मेरिलँडचा, म्हणजे आपल्या शेजारचाच मुलगा. उंची सहा फूट सात इंच. 2025 मध्ये 31 होमरन. जून महिन्यात एंजल्सने तर एका सामन्यात त्याला चार वेळा मुद्दाम चालत पहिल्या बेसवर जाऊ दिलं. तो मान त्याआधी 2004 मध्ये बॅरी बाँड्सला मिळाला होता. पण ऑल-स्टारच्या सुट्टीपर्यंत 24 होमरन आणि नंतर फक्त सात. वर्षभरात 221 स्ट्राइकआउट, विक्रम 223 चा आहे. पिचर मंडळींनी त्याचा अभ्यास केला, त्याला उलट अभ्यास करायला कोणी शिकवलं नाही. गुणवत्तेला दहापैकी नऊ, वर्षाला सात.

एब्रम्स. वाऱ्यासारखा पळतो. 2025 मध्ये 31 बेस चोरले आणि 19 होमरन मारले. पण शॉर्टस्टॉपच्या जागेवर हात पक्का नाही. सलग काही वर्षं तो जिथे होता तिथेच आहे. सहा मार्क.

डिलन क्रूज. 2023 च्या ड्राफ्टमधला दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू. 2025 मध्ये दुखापत झाली आणि सरासरी .208 वर अडकली. बेसबॉलमध्ये दहातून तीनदा यशस्वी झालेला माणूस उत्तम, हे लक्षात घेतलं तरी दहातून दोन फारच कमी. चार मार्क, पण इतक्यात नापास करू नये.

डेलन लाइल. माझा लाडका! फारसा गाजावाजा नसताना मे 2025 मध्ये आला, 91 सामन्यांत 11 ट्रिपल्स मारले आणि सप्टेंबर महिन्यातला नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आठ मार्क.

मग राहिली पिचिंग. इथे मात्र प्रगतिपुस्तकावर लाल शाई. 2025 मध्ये सर्वांत जास्त धावा देण्याच्या सरासरीत आपल्या खाली फक्त कोलोराडो. गोर एकटा झुंजला, 185 स्ट्राइकआउट काढले, तरी त्याच्या नावावर पाच विजय आणि पंधरा पराभव. केड कव्हाली हा 2020 चा पहिल्या फेरीतला पिचर. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर तो ऑगस्ट 2025 मध्ये परत उभा राहिला, ही एक आशेची जागा.

आता कळीचा मुद्दा. अमेरिकन लोक खालच्या टीम्सना 'फार्म सिस्टीम' म्हणतात, म्हणजे शेतीच की! या शेतीचा नियम आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. उत्तम बियाणं आणलं म्हणून पीक येत नाही, खुरपणी करावी लागते. मुंबईने रणजी करंडक 2024 मध्ये 42 व्यांदा जिंकला, तो नुसती गुणी मुलं मिळाली म्हणून नव्हे. आचरेकर सरांसारखी माणसं वर्षानुवर्षं नेटमागे उभी राहिली म्हणून. नॅशनल्सने बियाणं आणलं आणि मेहनतीत हात आखडला. आलेल्या मुलांना वरच्या पातळीवर सुधारणारी यंत्रणा कमी पडली, आणि त्यांच्या जोडीला अनुभवी पिचर आणायला खर्चही झाला नाही. सोटो गेला म्हणून टीम हरली असं नाही. सोटोच्या बदल्यात आलेल्यांना वाढवलं नाही म्हणून हरली.

हे मालकांनाही पटलं असावं. 6 जुलै 2025 ला जनरल मॅनेजर माइक रिझो आणि मॅनेजर डेव्ह मार्टिनेझ या 2019 च्या जोडीला निरोप मिळाला. नंतर पॉल टोबोनी बेसबॉलचे प्रमुख झाले आणि ब्लेक ब्युटेरा मॅनेजर. ब्युटेरांचं वय 33, 1972 नंतरचे मेजर लीगमधले सर्वांत तरुण मॅनेजर! टॅम्पा बेमध्ये तरुण खेळाडू घडवण्याचंच काम त्यांनी केलं आहे. निवड योग्य वाटते.

पण जानेवारी 2026 मध्ये गोरला टेक्सासला देऊन पाच नवी मुलं घेतली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पुन्हा पेरणी! सोटो विकून गोर आणला, गोर विकून आणखी कोवळी रोपं. कागदावर हा सौदाही शहाणपणाचा आहे. पण दरवर्षी पेरतच राहिलं, तर जेवायचं कधी? आणि प्रेक्षकांनी जीव लावायचा कुणावर? आपण सगळे एक गाव सोडून दुसऱ्या गावी रुजलेली माणसं. इथे कुणीतरी टिकून राहतं, हे मुलांना दिसावंसं वाटतं.

म्हणून 2026 च्या हंगामाकडून मी विजयांचा आकडा मागत नाही. सत्तरच्या आसपास जिंकले तरी चालेल. मी तीन गोष्टी बघणार. वुडचे स्ट्राइकआउट कमी होतात का, कव्हालीचा हात वर्षभर टिकतो का, आणि मालक वुडशी दीर्घ करार करतात का. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तो करार झाला तर ही शेती आहे, नाहीतर नुसती रोपवाटिका.

तोपर्यंत एक सल्ला. फ्रेडरिक्सबर्गला नॅशनल्सची खालच्या पातळीची टीम खेळते. 2025 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला सतरा वर्षांचा ईलाय विलिट्स तिथूनच सुरुवात करून पुढे निघाला. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जा, डब्यात थालीपीठ घ्या. रोप कसं वाढतं ते जवळून दिसेल. आणि 29 नंबरची वुडची जर्सी घ्यावी का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर आहे, जरूर घ्या. फक्त एक साइज मोठी घ्या. तो राहिला तर बरीच वर्षं घालायची आहे.