जैवविघटनशील बहुवारिकांची मिश्रणे : मिश्रणीयतेच्या पुराव्याची चिकित्सा

मोरिस लेम्वान यांना १९२६ साली जीवाणूंमध्ये आढळलेले पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट (पीएचबी) जैवविघटनशील असले तरी ठिसूळ आहे. म्हणून ते दुसऱ्या बहुवारिकात मिसळण्याचे प्रयोग विपुल झाले. मात्र अशा शोधनिबंधांत मिश्रणाचे एकच काचसंक्रमण तापमान आढळले की मिश्रणीयता सिद्ध झाली, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. ही घाई चिंत्य आहे.

पीएचबीचे काचसंक्रमण सुमारे ५° से. ला, तर पॉलिएथिलीन ऑक्साइडचे सुमारे उणे ६०° से. ला होते. एवढे अंतर असताना घटकांच्या प्रमाणानुसार सरकणारे एकच संक्रमण मिळणे हा सबळ पुरावा होय. याउलट पॉलिलॅक्टिक आम्ल (सुमारे ६०°) आणि पॉलिव्हिनाइल ॲसिटेट (सुमारे ४०°) यांची संक्रमणे इतकी जवळ आहेत, की केवळ एका उष्मालेखावर विसंबणे धाडसाचे ठरते.

वितळबिंदूच्या घटीचा पुरावा तर अधिकच निसरडा. निशी व वांग यांचे १९७५ चे समीकरण समतोल वितळबिंदूसाठी आहे. त्यात उपकरणावर दिसलेला बिंदूच घातला, तर निष्कर्ष फसतो. स्फटिकांची पटले पातळ झाली तरी हा बिंदू खाली येतो. त्यासाठी घटकांत परस्पर आकर्षण असावेच लागते असे नाही.

हा शब्दच्छल नव्हे. साठवणीत, सामान्य तापमानालाही, पीएचबीचे स्फटिकीकरण सावकाश चालू राहते आणि ठिसूळपणा वाढतो. तेव्हा मिश्रण केल्याच्या दिवशी काढलेला आलेख महिन्याभरानंतरच्या वेष्टनाविषयी काय सांगणार? निबंधात साठवणीचा काळ नोंदलेला नसेल, तर लवचीकतेचा दावा अपुराच समजावा.