उत्तर चुकलं की तपासणी चुकली?

मागच्या वर्षी माझ्या हातून एक 'शोध' लागला होता. मोबाईलवर वाचणारे लोक कॉम्प्युटरवर वाचणाऱ्यांपेक्षा मजकूर जास्त बारकाईने वाचतात, असा. पायलट स्टडीच्या आकड्यांत फरक अगदी ठळक दिसत होता. मी कॉन्फरन्ससाठी सारांश लिहायलाही घेतला. गाईड मॅडमनी विचारलं, "असं का होत असेल?" तर माझ्याकडे तीन कारणं तयार होती. तिन्ही ऐकायला छान होती आणि तिन्ही खोटी होती.

तो शोध कसा बुडाला ते सांगते, कारण तुमच्यापैकी जे संशोधनाला सुरुवात करणार आहेत त्यांना ही चूक कधीतरी भेटणारच आहे. पण त्याआधी याच प्रश्नाशी झगडलेल्या काही जुन्या खेळांकडे बघूया. खेळाडूने काहीतरी टाईप केलं, ते 'बरोबर' धरायचं की नाही, हे ठरवणारी अट प्रोग्रामरने लिहिलेली असते. आपण ती अट म्हणजे किरकोळ तांत्रिक बाब समजतो. माझं म्हणणं असं की खेळाडूला काय म्हणायची मुभा आहे, याबद्दलचं लेखकाचं मत त्या अटीतच असतं. आणि मत आलं की त्याची समीक्षा करता येते, केली पाहिजे.

पाच अक्षरांची गुहा

'कोलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर' हा खेळ विल क्राउदर यांनी १९७५-७६ च्या सुमारास लिहिला आणि १९७७ मध्ये डॉन वूड्स यांनी वाढवला. चित्रं नाहीत, नुसता मजकूर. खेळाडूने एक-दोन शब्दांत आज्ञा द्यायची. गंमत अशी की खेळ प्रत्येक शब्दाची फक्त पहिली पाच अक्षरं बघायचा. का? कारण तो पीडीपी-१० या मशीनवर लिहिलेला होता. तिथे मेमरीचा एक घर ३६ बिटांचा, आणि ७ बिटांचं एक अक्षर धरलं तर त्यात पाच मावतात. परिणाम असा की इंग्रजीतलं 'नॉर्थ' आणि 'नॉर्थईस्ट' खेळाच्या लेखी एकच. म्हणून खेळ स्वतःच खेळाडूला सांगायचा की ईशान्येला जायचं तर 'एनई' असं छोटं लिहा.

हे मला फार प्रामाणिक वाटतं. तपासणीला मर्यादा आहे, ती कुठे आहे हे खेळाडूला आधीच सांगितलेलं आहे. एमआयटीत १९७७ मध्ये सुरू झालेल्या 'झॉर्क'ने पूर्ण वाक्यं घ्यायला सुरुवात केली, पण शब्द कळला नाही तर नेमका कोणता शब्द कळला नाही हे तो सांगतो. खेळाडू वैतागतो, पण चूक कुणाची ते त्याला समजतं. तो दुसरा शब्द वापरून बघतो.

या पद्धतीचा तोटाही सर्वांना माहीत आहे. दार उघडायचं हे कळलेलं असतं, पण लेखकाच्या मनातलं क्रियापद सापडत नाही. 'उघड', 'ढकल', 'लोट', 'कडी काढ' करत बसायचं. म्हणजे कोडं सोडवण्याऐवजी लेखकाचा शब्दसंग्रह ओळखायचा. बरोबर माणूस बाहेर राहतो.

फसाड: उलट्या बाजूची चूक

आता ज्या कामाबद्दल मला मुख्यतः बोलायचं आहे ते. 'फसाड', २००५. मायकेल मटेआस आणि अँड्र्यू स्टर्न यांचा खेळ. मटेआस यांची कार्नेगी मेलनमधली २००२ ची पीएचडी याच विषयावर होती, त्यामुळे आपल्यासारख्यांनी तो बघायलाच हवा. ग्रेस आणि ट्रिप हे जोडपं, तुम्ही त्यांचे जुने मित्र, त्यांच्या घरी संध्याकाळी गेलेले. त्यांचं भांडण पेटतं. तुम्ही मनात येईल ते टाईप करायचं.

इथे 'मला हा शब्द कळला नाही' हे उत्तर जवळजवळ येतच नाही. खेळाडूच्या वाक्याचं व्याकरण सोडवायच्या भानगडीत सिस्टिम पडत नाही. शब्दांचे साचे लावून ती प्रत्येक वाक्य थोड्याशा संवाद-कृतींपैकी एकीत टाकते: होकार, नकार, कौतुक, टीका, लगट वगैरे. मग दुसऱ्या टप्प्यात त्या कृतीला या क्षणी कोणती प्रतिक्रिया द्यायची ते ठरतं. लेखकांनी आपल्या २००४ च्या पेपरमध्ये उघडपणे मांडलंय की नियम मुद्दाम सैल ठेवलेत. कधीकधी चुकीचा अर्थ लागला तरी चालेल, पण काहीतरी अर्थ लागला पाहिजे.

हे वाक्य पेपरात लिहिणं मला त्यांच्या कामातली सर्वात मोठी गोष्ट वाटते. प्रत्येक तपासणी दोन प्रकारे चुकू शकते: बरोबर ते नाकारणं आणि चुकीचं ते स्वीकारणं. एक कमी केली की दुसरी वाढते. बहुतेक लोक यातली कोणती निवडली ते सांगत नाहीत, कारण आपण निवड केली आहे हेच त्यांना ठाऊक नसतं. यांनी निवडली, कारण दिलं आणि कथाही त्या निवडीला साजेशी रचली. ग्रेस आणि ट्रिप इतके आत्ममग्न आहेत की त्यांनी तुमचं बोलणं भलतीकडे नेलं तर ते स्वभावातच बसतं.

पण माझा आक्षेप नेमका इथे आहे. झाकण इतकं घट्ट बसलंय की खेळाडूला काही शिकताच येत नाही. ट्रिप चिडला तो माझ्या बोलण्यावर की साच्याच्या घोळामुळे? नुसतं 'मेलन' म्हणजे खरबूज असं लिहिलं तरी ट्रिप पाहुण्याला घराबाहेर काढतो, हा फसाडच्या खेळाडूंमधला प्रसिद्ध विनोद आहे. इंग्रजी बोलीत त्या शब्दाला एक चावट अर्थ आहे, आणि संदर्भ न बघता तोच लागतो. लोक हसतात, कारण इथे शिवण उसवून दिसते. बाकी ठिकाणी ती दिसत नाही, आणि मला तेच जास्त काळजीचं वाटतं. नाटक म्हणून फसाड यशस्वी आहे. पण कुणी त्यातले संवाद गोळा करून 'खेळाडूंना नात्यांबद्दल काय वाटतं' असा निष्कर्ष काढू लागला, तर मी त्याला थांबवेन. तिथे नोंद झालेली 'टीका' ही खेळाडूची नाही, साच्याची असू शकते.

दऱ्या आणि दर्या

हे मी एवढ्या ठामपणे म्हणते, कारण ते मी स्वतः केलं होतं. माझ्या पायलटमध्ये एक छोटा मराठी खेळ होता. एक जुनं पत्र वाचायचं आणि त्यातून किल्ला कसा आहे ते ताडायचं. प्रश्न होता: 'किल्ल्याच्या तीन बाजूंना काय आहे?' उत्तर: दऱ्या. नीट न वाचणाऱ्याला तो जलदुर्ग वाटावा अशी पत्राची रचना, म्हणजे त्याचं उत्तर येणार 'दर्या'. स्वतःवर फार खूश होते मी.

अट एका ओळीची: उत्तर == "दऱ्या" असेल तर पुढे जा. आगाऊपणा म्हणून आजूबाजूची स्पेस काढून टाकली होती.

मग एका ज्युनिअरने स्क्रीनचा फोटो पाठवला. "ताई, बरोबर लिहिलंय ना? चार वेळा दिलं." फोटोत स्वच्छ 'दऱ्या' लिहिलेलं. खाली लाल अक्षरांत 'चूक'.

झालं होतं असं. युनिकोडमध्ये हा 'ऱ्या' दोन वाटांनी येतो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्ताचं चिन्ह, मग 'या'. दोन, साधा 'र', हलन्ताचं चिन्ह, झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, मग 'या'. स्क्रीनवर दोन्ही सारखे, मशीनला वेगळे. माझ्या सहभागींच्या मोबाईल कीबोर्डांतून पहिली वाट येत होती, लॅबमधल्या कॉम्प्युटरवरच्या टायपिंग टूलमधून दुसरी. म्हणजे 'मोबाईलवाले बारकाईने वाचतात' हा माझा शोध मुळात कीबोर्डचा होता. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही इथे उपयोगाचं नाही, ते हा जॉइनर काढत नाही.

मग सोपा उपाय सुचतो: न दिसणारी सगळी चिन्हं पुसून टाकू. करून बघा. दुसऱ्या वाटेच्या 'दऱ्या'तून जॉइनर काढला की उरतं 'दर्या'. नीट वाचणारा आणि न वाचणारा एकाच ओळीत. नाकारण्याची चूक घालवायला गेले आणि स्वीकारण्याची चूक घरात घेतली. खरा उपाय असा की आधी 'र, हलन्त, जॉइनर' हा क्रम ओळखून 'ऱ, हलन्त' करायचा, आणि बाकीची सफाई त्यानंतर. क्रम चुकला की अर्थ बदलतो.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. लॉगमध्ये मी फक्त बरोबर/चूक साठवलं होतं. लोकांनी नेमकं काय टाईप केलं ते कुठेच नव्हतं. दुरुस्त अट जुन्या उत्तरांवर चालवायला जुनी उत्तरंच नव्हती. सगळा पायलट पुन्हा करावा लागला. मॅडम एवढंच म्हणाल्या, "बरं झालं आत्ता कळलं."

तुम्ही काय कराल

एक, खेळाडूने, विद्यार्थ्याने, सहभागीने जे लिहिलं ते जसंच्या तसं आधी साठवा, न दिसणाऱ्या चिन्हांसकट. सफाई प्रतीवर करा.

दोन, मराठीत काम करत असाल तर इंग्रजी पद्धती उचलण्याआधी थांबा. शब्दाची पहिली काही अक्षरं जुळवायची म्हटलं तर 'विहीर' आणि 'विहिरीत' दुसऱ्याच अक्षराला फुटतात. 'ॲ' आणि 'अ‍ॅ' ही जोडी आहेच. 'केलं' आणि 'केले' दोन्ही बरोबर आहेत.

तीन, कोणताही पेपर वाचताना विचारा: यांनी कोणती चूक पत्करली? तिची किंमत कोण मोजतंय? पेपरात ते लिहिलेलं नसेल तर तुमच्या टिपणाचं पहिलं वाक्य तेच असू दे.

"आता हे काम एलएलएमकडे दिलं की झालं," असं मला नेहमी ऐकवलं जातं. द्या की. पण तेव्हा तुम्ही फसाडचीच निवड करताय: काहीतरी अर्थ लागेलच, चुकीचा लागला तरी कळणार नाही. फरक इतकाच की मटेआस आणि स्टर्न यांचे नियम उघडून वाचता येतात.

माझा सारांश मी मागे घेतला. दुसऱ्या पायलटमध्ये मोबाईल आणि कॉम्प्युटर यांच्यात सांगण्यासारखा काही फरक दिसला नाही. ती तीन छान कारणं मात्र वहीत अजून आहेत. नवा आकडा हाती आला की मी आधी ते पान काढून वाचते.